मंगळवारी दोर कोणी ओढला

आमच्या एसुआनो गावाचा इतिहास वाचायला बरोबर वीस मिनिटं लागतात. पहिली पाच मिनिटं आम्ही उत्तरेकडून चालत येतो, पुढची दहा मिनिटं डच लोकांची तोफ हिसकावून घेतो, आणि शेवटची पाच मिनिटं माझे आजोबा सगळ्याचं वाटोळं करतात.

दरवर्षी सप्टेंबरच्या सणाला नानांच्या, म्हणजे आमच्या गावच्या राजाच्या अंगणात हे वाचन होतं. आमच्या किनाऱ्यावर मंगळवारी कोणी मासेमारीला जात नाही, तो वार समुद्राचा. त्या दिवशी जाळी दुरुस्त करायची, होडीला रंग द्यायचा, आठवडाभर राहून गेलेली भांडणं उरकायची. इतिहास असं सांगतो की १९३८ साली एको बेन्सिल नावाच्या हावरट कोळ्याने मंगळवारी रापण, म्हणजे किनाऱ्यावरून दोन दोरांनी खेचायचं मोठं जाळं, ओढली. समुद्र रागावला. तारली शेजारच्या गावाकडे निघून गेली. तिच्या मागोमाग सरकारने बंदरही तिकडेच बांधलं. मग बँक तिकडे गेली, पेट्रोल पंप तिकडे गेला. मोबाईलचा टॉवर आला तोही तिकडेच, आणि फोनला रेंज मिळाली नाही की आमच्याकडे लोक अजून माझ्या आजोबांच्या नावाने बोटं मोडतात. त्या माणसाने आयुष्यात फोन पाहिला नव्हता, पण ते कोण ऐकतंय!

आमच्या घराण्याला गाव 'मंगळवारवाले' म्हणतं. त्यात मी जन्मले तीही मंगळवारी. आमच्यात वारावरून नाव पडतं, म्हणून मी अराबा. गावातल्या दुसऱ्या कुठल्या अराबाला कोणी काही म्हणत नाही. मी शाळेत पाऊल टाकलं की पोरं ओरडायची, "मंगळवार आला, जाळी गुंडाळा!" आता साठी उलटली, मासे धुरावर सुकवून विकते, माझ्या पाच चुली आहेत, हाताखाली सहा बायका आहेत, आणि तोंड असं आहे की बाजारात माझ्याशी घासाघीस करायला लोक जोडीने येतात. तरी माझ्या टोपलीतला एखादा मासा खारट निघाला की कोणीतरी हळूच म्हणतंच, "मंगळवारचा असेल."

हे सगळं मी सहन केलं असतं. पण यंदा लंडनला राहणाऱ्या आमच्या गावकऱ्यांनी एक मोठा काळा दगड पाठवला. त्यावर गावाचा इतिहास कोरायचा आणि सणाच्या दिवशी किनाऱ्यावर उभा करायचा असं ठरलं. मजकूर लिहायला दिला ब्रू मास्तरांकडे. मास्तर निवृत्त हेडमास्तर, कडक उन्हात कोट घालणारे, आणि 'नमस्कार' म्हणायलाही दोन परिच्छेद घेणारे.

जूनमध्ये त्यांनी मजकूर सगळ्यांसमोर वाचला. सहाव्या परिच्छेदाचं नाव होतं 'मंगळवारचा कलंक'.

"मास्तर," मी उभी राहिले, "हे दगडावर जाणार?"

"ग्रॅनाइट आहे, आँटी अराबा. तीनशे वर्षं टिकेल."

"माझे आजोबा साठीच्या आत गेले, आणि त्यांचा कलंक तीनशे वर्षं?"

"इतिहास आहे. त्याला मी काय करू?"

"तुमच्या वडिलांचं लग्न तीनदा मोडलं तोही इतिहासच आहे. घाला की सातव्या परिच्छेदात."

लोक हसले. मास्तरांनी कोटाची बटणं लावली, आणि परिच्छेद तसाच राहिला.

घरी येऊन आईला सांगितलं. माझी आई एफुआ शहाऐंशी वर्षांची. ऐकायला कमी येतं, पण चुलीपुढून उठत नाही. "दगडावर?" तिने विचारलं. "पावसाने जाणार नाही?" मी म्हटलं, नाही जाणार. तिचे मासे उलटायचे राहिले आणि चुलीवरच्या खालच्या जाळीतले सगळे करपले. माझ्या आयुष्यात तिच्या हातून मासा करपलेला मी पाहिला नव्हता. त्याच क्षणी मी ठरवलं, काय वाटेल ते होवो, आजोबांचं नाव त्या दगडावर चढू द्यायचं नाही.

दुसऱ्या दिवशी नानांकडे गेले. आमचे नाना गादीवर बसण्याआधी बंदरावर क्रेन चालवायचे. माणूस साधा, पण गादीचे नियम गादीचे. नानांशी कोणी थेट बोलत नाही. मध्ये हातात सोनेरी काठी घेऊन ओच्यामे उभा असतो. आपण त्याला सांगायचं, तो नानांना सांगतो. नाना दोन हातांच्या अंतरावर बसलेले असतात आणि सगळं ऐकत असतात, पण ओच्यामे बोलेपर्यंत त्यांनी काही ऐकलेलं नसतं. आमचा ओच्यामे योफी गोडबोल्या. त्याच्या तोंडून गेलेली शिवीसुद्धा पलीकडे आशीर्वाद होऊन पोहोचते.

"नानांना सांग," मी म्हटलं, "ह्या ब्रू मास्तराच्या जिभेला हाड नाही आणि डोक्यात भुसा आहे."

योफी नानांकडे वळला. "नाना, अराबा म्हणते की मास्तरांच्या विद्वत्तेबद्दल तिच्या मनात काही शंका घर करून आहेत."

"भुसा म्हणाले मी!"

"त्या शंका हलक्या आहेत, नाना, वाऱ्याने उडतील अशा."

"योफी, तुला सांगते, नाना उद्या गादीवरून उतरले ना, तर तुझ्यासारख्या..."

"नाना, ती तुम्हाला दीर्घायुष्य चिंतते."

नाना खोकल्याच्या निमित्ताने हसले. मग म्हणाले, कागद आणा. तो दिवस मंगळवार नव्हता असं दाखवणारा एक कागद सणाआधी आणा, परिच्छेद काढतो. नाही आणलात तर दगडापुढे उभं राहून एक शब्द बोलायचा नाही. नानांना हे सांगायला अर्धं मिनिट लागलं होतं. योफीने मला ते सांगायला बारा मिनिटं घेतली.

कागद आणायचा कुठून? गावात १९३८ सालचा कागद एकाच ठिकाणी असणार. मिशनच्या जुन्या शाळेचं छप्पर गळायला लागलं तेव्हा तिथली दप्तरं ब्रू मास्तरांनी स्वतःच्या पलंगाखाली आणून ठेवली होती. म्हणजे ज्याच्या डोक्यात भुसा म्हणाले त्याच्याच दारात जायचं. चार मोठ्या तारल्या पानात गुंडाळल्या आणि गेले.

मास्तरांनी मासे घेतले, कोट घातला आणि पलंगाखालून मिशन शाळेच्या तेव्हाच्या हेडमास्तरांच्या जुन्या रोजनिशा ओढून काढल्या. त्या इंग्रजीत. ते वाचत आणि मला आमच्या भाषेत सांगत. दोन तास धूळ खाल्ल्यावर ते पान सापडलं.

"मंगळवार, तेरा सप्टेंबर," मास्तरांनी वाचलं आणि चष्मा काढला. "झालं, आँटी. मंगळवारच होता. वाईट वाटतं मला."

मी पदराने तोंड पुसलं आणि उठले. तोवर त्यांनी चष्मा परत लावला होता.

"थांबा," ते म्हणाले. "बसा जरा."

त्या हेडमास्तराने लिहिलं होतं: 'आज हजेरी शून्य. सर्व मुले किनाऱ्यावर. बेन्सिल नावाच्या कोळ्याने काल, सोमवारी दुपारी रापण टाकली. जाळ्यात एवढा मासा शिरला की अंधार पडेपर्यंत ते हलले नाही. त्याने दोन्ही दोर माडांना बांधले आणि आता बुधवारी ओढू असे सांगून तो घरी गेला. आज सकाळी एक नंबर पथकाच्या लोकांनी एक दोर सोडून ओढायला घेतला. ते पाहून दोन नंबर पथकाने दुसरा धरला. त्यानंतर थांबणे कोणालाच शक्य नव्हते.'

हे मला समजावून सांगायची गरज नव्हती. आमच्या गावात जुन्या लढायांच्या काळापासूनची दोन पथकं. दोघांचे झेंडे वेगळे, ढोल वेगळे, आणि आजही एक नंबरवाल्याने शिंक दिली तर दोन नंबरवाला दोन देतो. एक नंबरने दोर धरलेला पाहून दोन नंबर मंगळवार पाळत बसतील? छे!

"पुढे वाचा, मास्तर."

"'बेन्सिल किनाऱ्यावर उभा राहून ओरडत होता, आज मंगळवार आहे, दोर सोडा. कोणीही लक्ष दिले नाही. मी मुलांना परत आणण्यासाठी गेलो.' इथे दोन ओळी खोडल्यात. 'दुपारी मासे घेऊन परतलो. चार टोपल्या राजाच्या घरी गेल्या.'"

अख्ख्या गावात ज्याने त्या दिवशी दोराला हात लावला नाही असा एकच माणूस होता, आणि ऐंशी वर्षं शिव्या त्यालाच!

मास्तरांनी पान उलटलं. बुधवारी हेडमास्तराने गैरहजर मुलांना छड्या मारल्या होत्या आणि एकेचाळीस नावं लिहून ठेवली होती. स्वतःचं नाव सोडून. अकरावं नाव होतं जेम्स ब्रू, वय नऊ, छड्या सहा, 'सर्वांत पुढे ओढत होता'.

"माझे वडील," मास्तर म्हणाले. त्यांनी कोट काढून खुर्चीवर ठेवला. मला वाटलं, आता पान फाटतंय. मी त्या म्हाताऱ्याला चाळीस वर्षं शिव्या घालत आले, पण तो दिवस मी विसरणार नाही. "आँटी, हे सभेत तुम्ही नका वाचू, तुम्हाला इंग्रजी येत नाही," ते म्हणाले. "मी वाचतो."

आणि वाचलं. नानांच्या अंगणात, सगळ्या पंचांसमोर, एकेचाळीसच्या एकेचाळीस नावं. प्रत्येक नावाला एकेक पंच खुर्चीत खाली सरकत होता. कोणाचा बाप, कोणाचा चुलता. योफीच्या वडिलांना तर आठ छड्या होत्या. वहीत दोर ओढणाऱ्या पथकांच्या पुढाऱ्यांचीही नावं होती, त्यांत नानांच्या सख्ख्या मामांचं नाव निघालं; आमच्यात गादी मामाकडून भाच्याकडे जाते, तेच हे मामा.

आता हे नानांना सांगायचं कोणी? योफीने काठी या हातातून त्या हातात घेतली.

"नाना," तो शेवटी म्हणाला, "मास्तरांच्या वाचनातून असं दिसतं की त्या दिवशी गावात फार एकी होती."

पंच आत जाऊन बसले. अर्ध्या तासाने बाहेर आले आणि निर्णय दिला: सहावा परिच्छेद अख्खा काढायचा. मंगळवार नाही, दोर नाही, बेन्सिल नाही. तोफेनंतर थेट स्वातंत्र्य. कोणाचीच अब्रू जाणार नाही.

जिंकले मी! वाटेत दोन भाकऱ्यांएवढा केंकीचा, म्हणजे आंबवलेल्या मक्याचा गोळा घेतला, तिखट घेतलं, आणि आईपुढे बसून सगळं जोरात ओरडून सांगितलं. रोजनिशी, पथकं, छड्या, योफीचं थोबाड. "आणि आता आजोबांचं नाव दगडावर नाही, आई! कुठेच नाही!"

"कुठेच नाही?" आईने विचारलं.

"एक अक्षर नाही."

"मग ते गेले कुठे?"

मी हातातला घास खाली ठेवला. "अगं, कलंक गेला ना."

"कलंक गेला, बापही गेला. शिव्या देताना का होईना, गाव रोज त्यांचं नाव घेत होतं. आता कशाला घेईल?" मग तिने चुलीतलं लाकूड मागे ओढलं आणि म्हणाली, "त्या वहीत माझं नाव होतं का गं?"

"तुझं कसं असेल? तू पाच वर्षांची. शाळेत नव्हतीस."

"मीही ओढला दोर."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. बहिरी ती, मी नाही.

"सगळे ओढत होते, ढोल वाजत होते," आई म्हणाली. "मी शेवटाला लटकले. बाबा धावत आले, म्हणाले, 'एफुआ, दोर सोड.' मी नाही सोडला. हसत होते मी. मासे नुसते उडत होते, अराबा! मग तिसऱ्या दिवशी राजाने सगळ्यांना बोलावलं. विचारलं, मंगळवारी दोर कोणी ओढला? सगळे मातीकडे बघायला लागले. बाबा उठले. आमच्यात एकदा शपथ घेतली की सगळी नावं सांगावी लागतात, एक गाळलं तरी समुद्र घर धुऊन नेतो. त्यांनी तोंड उघडलं आणि मी दिसले. आईला चिकटून उभी होते, तळहाताला दोराचे वळ. त्यांनी तोंड मिटलं. मग म्हणाले, जाळं माझं, दोर माझा, दोष माझा. दंड म्हणून मेंढी दिली, जिनच्या बाटल्या दिल्या, आणि मरेपर्यंत पुन्हा त्यावर एक शब्द नाही."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "आणि तू ऐंशी वर्षं गप्प? मला शाळेत पोरं मंगळवार म्हणून चिडवायची, मी रडत घरी यायचे, तेव्हाही गप्प?"

"पाच वर्षांची असताना भीती वाटली म्हणून गप्प. पंधरा वर्षांची झाले तोवर ते गेले होते. मग कोणाला सांगू? ज्यांना सांगायचं तेच नाहीत." तिने डोळे पुसले. धूर होता खरा, पण धुराचं पाणी मला ओळखता येतं. "माझं नाव घाल त्या दगडावर. मी ओढला म्हणून. आणि त्यांचंही घाल. नाही ओढला म्हणून."

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा नानांच्या अंगणात.

"नाना," योफी म्हणाला, "अराबाने इतके दिवस जो परिच्छेद काढा म्हणून आपला जीव खाल्ला, तो ती आता परत घाला म्हणते." ह्या वेळी त्याने एक शब्द गोड केला नाही.

पंच उसळले. पण मी आईची गोष्ट सांगितली. एफुआ बेन्सिलने स्वतः होऊन नाव दिलं, वय वर्षं पाच, हे ऐकल्यावर उसळलेले पंच पुन्हा खुर्च्यांत बसले. ब्रू मास्तर उठले. "माझ्या वडिलांचंही घाला," ते म्हणाले. "सहा छड्या खाल्ल्यात त्यांनी. फुकट कशाला जातील?" नानांनी योफीची वाट न पाहता मान डोलावली.

मला वाटलं, इथे विषय संपला. संपतो कसला! दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या चुलीपुढे रांग. "आँटी, माझ्या बापाचं नाव का नाही?" मी म्हटलं, वहीत नाही. "वहीत नाही म्हणजे? तो काय घरी झोपा काढत होता? असा आळशी होता तो?" एकाचे वडील त्या दिवशी तापाने फणफणले होते, पण त्यांनी खिडकीतून ओरडून जोर दिला होता म्हणे. एक नंबर पथकाने मोजून दाखवलं की यादीत त्यांची माणसं दोनने कमी आहेत, आणि ढोल घेऊन मास्तरांच्या दारात बसले. ज्या मंगळवारच्या नावाने ऐंशी वर्षं गाव थुंकत होतं त्याच मंगळवारच्या यादीत शिरायला गाव मारामारी करत होतं! कहर म्हणजे शेजारच्या गावाहून, बँक आणि टॉवरवाल्या गावाहून, चार प्रतिष्ठित म्हातारे कडक इस्त्रीचे कपडे घालून आले. त्यांच्या आजोबांनीही त्या दिवशी येऊन हात लावला होता, असं त्यांचं म्हणणं. त्यांना मी मासा दिला, पाणी दिलं आणि वाटेला लावलं.

शेवटी दगडावर एकशे सहा नावं कोरली. उत्तरेकडून येणं एका ओळीत आटोपलं, तोफ दीड ओळीत. तोफेचा एवढा अपमान डचांनीही केला नसेल.

दगड उभा केला तो दिवस मंगळवारच होता. समुद्रात कोणीच जाणार नव्हतं, त्यामुळे सगळं गाव किनाऱ्यावर हजर. दोन्ही पथकांनी एकाच वेळी ढोल बडवले, त्यामुळे नानांचं भाषण कोणालाच ऐकू आलं नाही. मी आईला हाताला धरून पुढे नेलं. तिला वाचता येत नाही. मी मास्तरांना हाक मारली. नावांच्या वर एकटी एक ओळ होती, ती त्यांनी वाचली. मग आईच्या कानाशी वाकून पुन्हा वाचली.

"मोठ्याने," आई म्हणाली. "मला ऐकू येत नाही."

मास्तरांनी हात वर करून ढोल थांबवले. मग शाळेच्या मैदानावर ओरडावं तसे ते ओरडले, "एको बेन्सिल! हे म्हणाले, आज मंगळवार आहे, दोर सोडा!"

आईने माझ्या हातातून आपला हात काढून घेतला आणि दोन्ही तळवे दगडापुढे उघडून धरले.

"सोडला, बाबा," ती म्हणाली.